फवारा मारूनही बोंडअळी मरत नाही, तेव्हा काय मोजायचं?

(जबरानजोत शेतकऱ्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी एका साथीने केलेलं भाषण. शक्य तितकं बोलण्यातलंच ठेवलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी आपल्या गावाच्या, पोडाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण दंडाच्या पावत्या, नोटिसा आणि पंचनामे यांवर बोललो. आज मला अळीवर बोलायला सांगितलं आहे. मागे बसलेले काही जण हसले, ते मी पाहिलं. जमिनीच्या लढ्यात अळी कुठून आली, असं वाटणं साहजिक आहे. पण जमीन हातात ठेवली आणि तिच्यातलं पीक दरसाल कृषी केंद्राच्या उधारीत गेलं, तर ती जमीन किती दिवस आपली राहणार? म्हणून अर्धा-पाऊण तास ऐका.

मी शास्त्रज्ञ नाही. दहावीनंतर शाळा सुटली. तीन हंगाम मी एका संशोधन केंद्रासाठी रोजीवर अळ्या गोळा करायचं काम केलं. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि हातून गेलेलं जास्त सांगतो.

आधी घरची गोष्ट. आमची चार एकर जबरानजोत, यवतमाळच्या डोंगरपट्ट्यात. आजोबांच्या वेळी ज्वारी, तूर, तीळ, बरबटी आणि चार ओळी पऱ्हाटी असायची. बाबांच्या वेळी उलटं झालं. सगळी पऱ्हाटी आणि मधी तुरीच्या ओळी. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं कर्ज नाही. बियाणं, खत, औषध सगळं दुकानातून उधार. त्या वर्षी बाबांनी सहा फवारे मारले. सहाव्या फवाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासंगं वावरात गेलो, तर अळी बोंडात तोंड खुपसून आरामात बसलेली. मागचा भाग बाहेर, विष्ठा खाली सांडलेली. बाबांनी ती काढून तळहातावर घेतली आणि नुसते पाहत राहिले.

दुकानदार म्हणाला, "औषध बरोबर हाये, तुम्हाले मारता येत नाही." शेजारी म्हणाले, "माल नकली हाये." बाबा घरी येऊन म्हणाले, "एक तं मी चुकलो, नाही तं बाटली चुकली." सातव्या फवाऱ्यासाठी गोऱ्हा विकला. तिसरी गोष्ट असू शकते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. औषध खरं, मारणाराही बरोबर, पण अळीच आता त्या औषधाने मरत नाही.

आता ही अळी कोण, ते पाहू. पऱ्हाटीत आपण तिला हिरवी बोंडअळी म्हणतो, अमेरिकन बोंडअळीही म्हणतात. हरभऱ्यात तीच घाटेअळी. तुरीच्या शेंगेत तीच शेंगा पोखरते. नावं तीन, अळी एकच. टमाटर, सूर्यफूल, भेंडी, मका, ज्वारीचं कणीस, रानातलं तणसुद्धा ती खाते. आपल्या देशात पावणेदोनशेच्या वर जातींच्या झाडांवर ती सापडलेली आहे. पऱ्हाटीवर सप्टेंबर ते नोव्हेंबर, मग फुलावर आलेल्या तुरीवर, मग हरभऱ्यावर. अंड्यापासून पाखरू व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. एक मादी पाचशे, हजार अंडी घालते. अंडी एकेक करून कोवळ्या शेंड्यावर, पातीवर ठेवते. खसखशीच्या दाण्याएवढं पांढरं अंडं असतं.

आणि तिचं पाखरू रात्री उडतं. वारा धरून एका रात्रीत कित्येक कोस जाऊ शकतं. त्याला बांध नाही, वनहद्दीचा दगड नाही, जिल्हा नाही. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादेत फवारा झाला, तिथे वाचलेलं पाखरू आपल्या तुरीवर येऊन अंडी घालू शकतं. आपल्या वावरातलं पाखरू खाली वणीकडच्या काळ्या जमिनीत जाऊ शकतं. हे नीट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं बोलणं यावरच उभं आहे.

लोक म्हणतात, "अळीला औषधाची सवय झाली." तसं नाही. एकाच अळीला दारूसारखी सवय लागत नाही. आपल्या बायका ज्वारीची खुडणी झाली की बियाण्यासाठी चांगली कणसं निवडून चुलीवर टांगतात. पुढच्या साली तशीच कणसं जास्त येतात. फवारा नेमकं हेच करतो, फक्त अळीचं बियाणं निवडतो. समजा हजार अळ्यांत दोनच अशा आहेत की पोटातल्या पोटात विषाचे तुकडे पाडून टाकतात, किंवा त्यांच्या नसांवर विष जिथे धरतं ती जागाच जरा वेगळी आहे. फवारा मारला. बाकीच्या मेल्या, त्या दोन राहिल्या. त्यांचीच पिल्लं पुढे आली. पुन्हा तोच फवारा, पुन्हा तीच निवड. हंगामात चार वेळा आणि दरसाल असंच केलं, तर वावरात त्यांचंच राज्य होणार.

आणि आपण बाटली बदलतो म्हणजे औषध बदललं असं समजतो. इथे गोंड आहेत, कोलाम आहेत. आपल्यात आडनावं कितीही असोत, सहा देव्याची सहा देव्याशी सोयरीक होत नाही. आधी देव विचारतात. बाटलीचेही देव विचारा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फेनव्हलरेट ही नावं वेगळी, रंग वेगळे, किंमत वेगळी, पण सगळी एकाच देवाची. त्यांना पायरेथ्रॉइड म्हणतात. जी अळी एकाने मरत नाही ती बहुतेक करून तिच्या भावानेही मरत नाही. मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस यांचा देव दुसरा. दुकानात मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि आतलं विष बारीक अक्षरात. आपण मोठं वाचतो.

आपल्या देशात ही पायरेथ्रॉइड औषधं १९८० च्या सुमारास आली. सुरुवातीला जादू वाटली. १९८७ साली आंध्रच्या गुंटूर, प्रकाशम भागात ती जादू संपली. कास्तकारांनी वीस-वीस, तीस-तीस फवारे मारले, तरी बोंडं हाती लागली नाहीत. कापसाचं उत्पन्न निम्म्याच्या खाली गेलं. कर्ज फिटेना म्हणून माणसांनी तेच विष पिऊन जीव दिले. तपासात दिसलं की अळी पायरेथ्रॉइडला दाद देत नाही. दहा वर्षांनी, १९९७-९८ च्या हंगामात, वरंगळकडून पुन्हा तशाच बातम्या आल्या. त्या काळी देशाच्या पेऱ्यात कापसाची जमीन सुमारे पाच टक्के होती, पण कीटकनाशकांचा जवळपास निम्मा खप एकट्या कापसावर व्हायचा. हे विष जातं कुठे? थोडं अळीवर, बाकी आपल्या अंगावर, विहिरीत, आणि कर्जाच्या वहीत.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. अळी कोणत्या विषाने मरते आणि कोणत्या नाही, हे दरसाल, शक्य तर दर आठवड्याला तपासत राहावं लागतं. आम्ही गावोगावच्या वावरांतून अळ्या गोळा करायचो. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत, कारण एका डबीत ठेवल्या तर एकमेकींना खातात. डबीवर गाव, पीक आणि तारीख लिहायची. केंद्रात नेऊन हरभऱ्याच्या पिठाच्या घट्ट खळीवर त्यांना पोसायचं. त्यांची पाखरं झाली, त्यांनी अंडी घातली, की त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांवर तपासणी. असं का? वावरातल्या अळ्या लहानमोठ्या असतात, काही आजारी असतात. सगळ्या सारख्या वयाच्या असल्या तरच मोजणी खरी.

अळी तीस-चाळीस मिलिग्रॅमची झाली की तिच्या पाठीवर बारीक सुईने विषाचा एक थेंब ठेवायचा. थेंब एवढा लहान की डोळ्याला नीट दिसत नाही. त्यात विष किती, तेही ठरलेलं. सायपरमेथ्रिनचा एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. हे माप कसं ठरलं? ज्या अळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या विष माहीतच नाही त्यांच्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव ज्या मापाने मरतात, तेच माप. काही अळ्यांवर विष न घालता नुसत्या ॲसिटोनचा थेंब ठेवायचा, म्हणजे सुईने किंवा हाताळण्याने किती मरतात ते कळतं. सहा दिवस थांबायचं आणि मोजायचं. मापाप्रमाणे शंभरातली एखादीच वाचायला हवी. जितक्या जास्त वाचल्या, तितकं ते औषध त्या गावासाठी निकामी.

पहिल्यांदा मी मोजायला बसलो तेव्हा आमच्याच तालुक्याच्या अळ्या होत्या. सहाव्या दिवशी झाकण काढलं तर निम्म्याहून जास्त खान्यांत अळ्या पीठ खात होत्या. मला बाबांचा तळहात आठवला. मी साहेबांना विचारलं, "साहेब, हे गावात कोण सांगतं?" ते म्हणाले, "अहवाल जातो वर." माणूस चांगला होता, खोटं बोलला नाही. अहवाल खरंच वर जात होता. पण खाली येत नव्हता. कागदावर आकडा होता आणि त्याच बाजारात, त्याच आठवड्यात, तेच औषध बाबांसारख्यांना उधार विकलं जात होतं. माझा राग इथून सुरू झाला.

पण आपलीही एक चूक सांगतो. अळ्या घेताना कास्तकाराला विचारावं लागतं, किती फवारे मारले, कशाचे मारले. सडकेवरचा सातबारावाला सांगायचा. आपल्या पोडात गेलो की माणूस गप्प. वाटायचं हा वनखात्याचा माणूस, वावर लिहून नेईल. कोणी म्हणायचं, "माहं वावर नाही हे." कोणी सहा फवारे मारून एक सांगायचं. भीती खोटी नव्हती. पण त्यामुळे झालं काय? दोन हंगामांनी वरून सांगण्यात आलं, डोंगरातली गावं सोडा, सडकेवरची घ्या. म्हणजे मोजणीच्या नकाशात आपण नाहीच. जमिनीच्या नकाशात नाही, तसं अळीच्याही नकाशात नाही.

आणि हे नुकसान फक्त आपलं नाही. वरच्या पोडांत अजून तूर, ज्वारी, बरबटी आहे, तिथे फवारा नाही किंवा एखादाच. तिथली अळी अजून औषधाने मरणारी असण्याचा संभव जास्त. ती पाखरं खाली येऊन वाचलेल्या पाखरांशी जुगली तर पुढच्या पिढीत मरणाऱ्यांची भर पडते. म्हणजे तुमचं बिनफवाऱ्याचं वावर खालच्या सगळ्या कास्तकारांचं औषध जपून ठेवतं. उलटंही खरं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट नावाची संस्था आहे. तिच्या शिवारात पायरेथ्रॉइडचा मारा नसतानाही न मरणाऱ्या अळ्या सापडल्या. दूरच्या फवारणीच्या पट्ट्यातून पाखरं आली असावीत, असा शास्त्रज्ञांनी अर्थ लावला. म्हणून "मी एकटा शहाणा" हे इथे चालत नाही.

ऑस्ट्रेलियात हीच अळी आहे. तिथे क्वीन्सलँडच्या एमराल्ड भागात १९८३ च्या सुरुवातीला पायरेथ्रॉइडने अळी मरेना. त्यांनी पुढच्याच हंगामात हंगामाचे तीन भाग पाडले. पायरेथ्रॉइड फक्त मधल्या पाच-सहा आठवड्यांत, एका पिढीपुरतं. आधी नाही, नंतर नाही. सगळ्या खोऱ्यात एकच नियम. आणि दरसाल अळ्या तपासून आकडा शेतकऱ्यांना सांगायचा. त्यानेही अळी कायमची हरली नाही, पण औषध एका झटक्यात वाया गेलं नाही. तिथले कास्तकार हजारो एकरांचे आहेत, आपली त्यांची बरोबरी नाही. पण सगळ्या शिवाराने एकत्र ठरवणं आपल्याला नवं आहे का? मोहाला हात कधी लावायचा, जंगलात चराई कधी बंद, हे आपण गाव बसून ठरवतोच.

मंग आपण काय करायचं?

एक. आधी मोजा, मग ठरवा. आठवड्यातून दोनदा वावरात आडवंतिडवं चालून वीस झाडं पाहा. कडेची नको, आतली घ्या. शेंडा, पात्या, फुलं, बोंडं पाहा. वीस झाडांवर वीस अळ्या, म्हणजे झाडामागे एक, त्याच्या खाली असेल तर पायरेथ्रॉइडची बाटली उघडू नका. ढालकिडे, कोळी, क्रायसोपाची अंडी दिसली तर तीही मोजा. ते आपले बिनपगारी मजूर आहेत, फवाऱ्यात आधी तेच मरतात.

दोन. फवारा मारलाच तर त्या झाडांना चिंधी बांधा. मारायच्या आदल्या दिवशीच्या अळ्या लिहा, तिसऱ्या दिवशीच्या लिहा. एका कोपऱ्यात दोन ओळी बिनफवाऱ्याच्या ठेवा आणि तिथल्याही मोजा. अळी कमी झाली नाही तर लगेच "अळी वज्र झाली" म्हणू नका. आधी विचारा. फवाऱ्यानंतर पाऊस आला का? माप कमी पडलं का? पंपाची जाळी तुंबली का? अळ्या बोटाच्या पेराएवढ्या मोठ्या होत्या का? मोठी अळी चांगल्या औषधालाही सहज मरत नाही, आणि बोंडात शिरलेलीपर्यंत औषध पोचतच नाही. बाटली सीलबंद होती का, पावती घेतली का? हे सगळं बरोबर असूनही दोन-चार वावरांत अळी तशीच असेल, तर मात्र ती खबर आहे. लपवू नका.

तीन. फवारा निकामी दिसला की तोच पुन्हा दुप्पट मारू नका, आणि दुकानदार सांगतो तसं दोन-तीन विषं एकत्र कालवू नका. त्यात अळी कमी आणि माणूस जास्त मरतो. आमच्या गावात एक पोरगं असंच फवारता फवारता बांधावर पडलं, खर्रा त्याच हाताने खाल्ला होता. वाचलं, पण दोन महिने हात थरथरत होता.

चार. हातात आहे ते आधी. जून-जुलैत निंबोळ्या वेचून वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळीचा भरडा रातभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळून शंभर लिटर करायचं, दोनशे ग्रॅम कपड्याचा सोडा नव्हे, साबणाचा चुरा टाकायचा. तो संध्याकाळी आणि अळी लहान असतानाच मारायचा. मोठ्या अळ्या हाताने वेचा. तुरीखाली लुगडं पसरून झाड हलवलं की अळ्या टपाटप पडतात. वावरात पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या काड्या रोवा. दाण्यादाण्याने नाही, ओळीओळीने पिकं मिसळा. सगळं शिवार एकट्या पऱ्हाटीचं करू नका.

पाच. मागणी करायची. आपल्या पोडांतूनही दरसाल अळ्या तपासायला न्या. नेताना जमिनीचा कागद विचारू नका, ज्याची अळी त्याचं नाव गुप्त ठेवा. आणि कोणतं औषध आमच्या तालुक्यात चालतं, कोणतं चालत नाही, हे पोळ्याच्या आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहा. हंगाम संपल्यावरचा आकडा आम्हाला काही कामाचा नाही.

भाषणानंतर काही प्रश्न झाले, ते थोडक्यात.

एका बाईने विचारलं, "आमी अळ्या वेचतो, पण पाखरू तं बाहेरून येते. मंग वेचून फायदा काय?" उत्तर: पाखरू येतं हे खरं. पण फवारा झालेल्या वावरात उरलेली अळी सगळ्यात जास्त धोक्याची, कारण ती विष पचवून राहिलेली असू शकते. ती हाताने वेचून मारली की तिचं बियाणं तिथेच संपलं. वेचणीला विषाचा देव लागत नाही, अळी वेचणीला कधीच वज्र होत नाही.

एका तरुणाने विचारलं, "नवीन औषध येतच राहील ना?" उत्तर: येईल. महाग येईल, उधार येईल. आणि आपण तसंच वापरलं तर तेही जाईल. म्हणून नव्या औषधाची मोजणी ते आलं त्या पहिल्या सालापासून व्हायला पाहिजे.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "वहीत लिहिलं अन् ते वनखात्याच्या हाती लागलं तं?" उत्तर: वहीत नाव नको, सर्व्हे नंबर नको. गावाने वावरांना खुणेची नावं द्यावी. मोहाचं, नाल्याचं, पांढरीचं. वही ग्रामसभेच्या ताब्यात राहील, कोणा साहेबाच्या नाही.

शेवटी असं ठरलं की प्रत्येक गावाने एक बाई आणि एक तरुण असे दोघे मोजणीसाठी निवडावे. शंभर पानी वही गाववर्गणीतून घ्यावी. पऱ्हाटीला पात्या धरल्या की मोजणी सुरू करावी आणि दिवाळीनंतरच्या बैठकीला वही घेऊन यावं. रिकामी बाटली दिसली तर तिच्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वहीत उतरवून घ्यावं, मग बाटली फोडून गाडावी. ती पाण्याला वापरू नये.